ॲम्प गेला, हे कशावरून?

गाडीच्या वायरिंगला मालकानं हात लावू नये, असं माझं कित्येक वर्षं ठाम मत होतं. ज्याचं काम त्यानं करावं. आपण पैसे मोजावेत आणि बाजूला उभं राहावं. हे मत आळसातून आलेलं नव्हतं. नोकरीत मी हिशेब तपासणीचं काम केलं. दुसऱ्याच्या विषयात अर्धवट माहितीवर बोलणारी माणसं काय घोळ घालतात, ते तिथे रोज पाहायला मिळायचं. म्हणून मेकॅनिकच्या डोक्यावर उभं राहून ‘हे का सोडलंत, ते का बदललंत’ असं विचारणारं गिऱ्हाईक मला कधी पटलं नाही. गाडीतल्या म्युझिक सिस्टीमच्या बाबतीत तर मी आणखी कडक होतो. कंपनीनं दिलंय ते ठेवा, बाहेरून काही बसवू नका. बसवलंच असेल, तर बिघडल्यावर गाडी फिटरच्या ताब्यात द्या आणि तो सांगेल तो पार्ट टाका.

हे मत आता माझं राहिलेलं नाही. सगळंच बदललं असंही नाही. काही भाग आजही तसाच आहे आणि त्याबद्दल पुढे लिहितो. पण बंद पडलेल्या एका सबवूफरमागे लागल्यावर जे समजलं, त्याचा संबंध गाडी वापरणाऱ्या प्रत्येकाच्या खिशाशी आहे, आणि एका बाबतीत तर जिवाशी. म्हणून हे मनोगत.

माझा भाचा रोज नाशिकहून सिन्नरच्या एमआयडीसीत जातो. त्यानं जुनी हॅचबॅक घेतली. आधीच्या मालकानं तिच्यात बाहेरून स्टिरिओ, ॲम्प्लिफायर आणि डिकीत दहा इंची सबवूफर बसवून घेतला होता. काचा थरथरवत रस्त्यानं जाणाऱ्या गाड्यांचा मला मनापासून राग आहे, त्यामुळे हे प्रकरण काढून टाक असं मी त्याला सुरुवातीलाच सांगितलं होतं. तो म्हणाला, “मामा, एकदा बसून ऐका, मग सांगा.” भाचा भजनी मंडळात पखवाज वाजवतो. त्यानं अभंगाचं एक रेकॉर्डिंग लावलं, बेताच्या आवाजात. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात ती त्या खोल, भरलेल्या ‘धूम’साठी. ती धूम मला गाडीत बसून पहिल्यांदा ऐकू आली. माझ्या गाडीत त्याच ठिकाणी नुसता ‘टप्’ येतो.

यामागचं कारण साधं आहे. दारातला सहा इंची स्पीकर चाळीस-पन्नास हर्ट्झचा खर्ज पेलू शकत नाही, कारण खर्जासाठी हवा भरपूर ढकलावी लागते. दहा इंची पडद्याचं क्षेत्रफळ सहा इंचीच्या पावणेतीन पट असतं, आणि तो पुढेमागे हलतोही जास्त. शिवाय टायर आणि रस्त्याचा आवाज मुख्यतः खालच्या पट्टीतला असतो. चालत्या गाडीत तो नेमका खर्जच झाकून टाकतो. सबवूफर हे गोंगाटाचंच साधन, ही माझी समजूत तिथेच सैल झाली. नीट लावला तर तो वाद्याचा हरवलेला अर्धा भाग परत देतो.

पावसाळ्यात एके दिवशी तो बंद पडला. दारांचे स्पीकर चालू, सब गप्प. भाचा एका दुकानात गेला. तिथल्या माणसानं डिकी उघडली, ॲम्पवरचा दिवा लागत नाही एवढं पाहिलं आणि निकाल दिला: ॲम्प गेला, नवा टाका, नऊ हजार, फिटिंग वेगळं. भाच्यानं मला फोन केला. माझ्या जुन्या मतानुसार मी सांगितलं, टाकून घे, त्यांना कळतं.

त्याच संध्याकाळी माझा एक मित्र घरी आला होता. तो आयटीआयमध्ये वाहनांच्या इलेक्ट्रिकल कामाचा ट्रेड शिकवतो. त्याच्यासमोर विषय निघाला, तर त्यानं एकच विचारलं, “ॲम्प गेला, हे कशावरून?”

नोकरीभर मी हाच प्रश्न इतरांना विचारत आलो होतो. व्हाउचर दाखवल्याशिवाय मी शंभर रुपयांची नोंद पुढे सरकू दिली नाही. आणि इथे नऊ हजारांचा खर्च एका न लागलेल्या दिव्यावर मंजूर करून मोकळा झालो होतो. ‘त्यांना कळतं’ हा माझा पुरावा. माझ्या मतातली ही विसंगती मला त्या क्षणी फार टोचली.

रविवारी आम्ही तिघं सोसायटीच्या पार्किंगमध्ये जमलो. मित्राच्या पिशवीत चारशे-पाचशे रुपयांना मिळतो तसला डिजिटल मल्टिमीटर, दहा नंबरचा पाना, स्क्रू ड्रायव्हर, पॉलिश पेपर आणि एक पेन्सिल सेल. त्याच्या हातात वेगळी कुठली जादू नव्हती, हे मी मुद्दाम सांगतो. होता तो क्रम.

ॲम्पला चालू व्हायला तीनच वायरी लागतात. एक जाड लाल, बॅटरीच्या प्लसपासून थेट आलेली. दुसरी जाड काळी, गाडीच्या पत्र्याला बोल्टनं आवळलेली. हिलाच फिटर लोक बॉडी अर्थ म्हणतात. तिसरी बारीक, निळी किंवा निळ्यावर पांढरी रेघ असलेली, स्टिरिओकडून आलेली रिमोट वायर. स्टिरिओ लावला की या तिसरीवर बारा व्होल्टच्या आसपास दाब येतो आणि ॲम्प जागा होतो. स्टिरिओ बंद केला की झोपतो. गाणं घेऊन येणाऱ्या आरसीए वायरी आणि सबकडे जाणारी जोडी यांचा दिवा लागण्याशी संबंध नाही. म्हणजे दिवाच लागत नसेल, तर संशयित फक्त चार: लाल (तिच्यावरच्या फ्यूजसकट), काळी, निळी आणि सगळ्यात शेवटी खुद्द ॲम्प. दुकानात या यादीतल्या शेवटच्यालाच पहिल्यांदा धरलं होतं.

मित्रानं आधी आरसीएच्या पिना उपसून बाजूला ठेवल्या. का, ते विचारल्यावर म्हणाला, काळी वायर तुटली असेल तर वीज परतीची वाट शोधते आणि आरसीएच्या बारीक जाळीतून स्टिरिओकडे जायला बघते. मग मीटर फसवतो, आणि कधी स्टिरिओच्या आतली नाजूक पट्टीही जळते. नंतर बॉनेट उघडून बॅटरीवर मीटर धरला: १२.५ व्होल्ट. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर साधारण एवढा दाब दिसतो. इंजिन चालू झालं की अल्टरनेटरमुळे तो १३.८ ते १४.४ पर्यंत जातो.

मग डिकीत. मीटरची लाल सुई ॲम्पच्या लाल टर्मिनलवर, काळी सुई काळ्या टर्मिनलवर. आकडा स्थिर होईना. तीनच्या आसपास, मग घसरला, परत थोडा चढला. मला वाटलं, झालं, लाल वायरीतच काही नाही. मित्र काही बोलला नाही. त्यानं लाल सुई तिथेच ठेवली आणि काळी सुई उचलून डिकीच्या कुलपाच्या उघड्या लोखंडी कडीवर टेकवली. मीटरवर १२.४ आले आणि ठाम राहिले.

तो क्षण मी विसरणार नाही. एक सुई वीतभर सरकली आणि लाल वायर निर्दोष सुटली, काळी पकडली गेली. कुणाच्या अनुभवावर, वयावर किंवा दुकानाच्या पाटीवर विश्वास ठेवायची गरजच पडली नाही. आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता आणि तो मलाही वाचता येत होता. निळी वायरही लगोलग पाहून घेतली: स्टिरिओ लावल्यावर ११.९, बंद केल्यावर शून्य. तीही ठीक.

बॅटरीचं मायनस सोडवून आम्ही काळ्या वायरीचा बोल्ट काढला. कार्पेटखाली पत्र्यावर कारखान्यातला रंग जसाच्या तसा होता. बसवणाऱ्यानं रंग न खरवडता त्यावरच वायरीच्या टोकाचा थिंबल ठेवून बोल्ट आवळला होता. रंगातून वीज जात नाही. इतके दिवस जी गेली ती बोल्टच्या आट्यांमधून, जेमतेम. टेललॅम्पच्या रबरातून पावसाचं पाणी झिरपलं, आटे गंजले, तीही वाट बंद झाली. बोटाच्या पेराएवढी जागा चकचकीत होईपर्यंत घासली, थिंबलही घासला, दातेरी वॉशर घालून आवळलं, वरून रंगाचा हात दिला. एवढंच काम.

पण इथे एक गोष्ट मला त्यानं फार नीट समजावली आणि ती बहुतेकांना माहीत नसते. जोड अर्धवट खराब असेल तर मीटर पूर्ण बारा व्होल्ट दाखवूनही ॲम्प चालत नाही. कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. करंट नाही तर खराब जोडावर दाब पडतही नाही. चारशे वॅटचा ॲम्प पूर्ण जोरात वाजला तर बॅटरीतून चाळीसेक अँपिअर ओढतो. हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब साडेचार ओढतो, यावरून अंदाज यावा. आता जोडात फक्त ०.०५ ओहम अडथळा धरा. हा आकडा साध्या मीटरवर नीट वाचताही येत नाही. चाळीस गुणिले ०.०५ म्हणजे दोन व्होल्ट त्या जोडावरच खाल्ले गेले. ॲम्पला उरले साडेदहा. तो बीट पडला की बंद, सोडला की चालू, असं करत राहतो. आणि त्या एका बोल्टवर ऐंशी वॅटची उष्णता तयार होते. म्हणून शेवटचं मोजमाप नेहमी गाणं वाजत असताना घ्यायचं. बॅटरीवरचा आणि ॲम्पवरचा आकडा यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर वाटेत कुठेतरी चोर आहे.

मायनस परत जोडलं, स्टिरिओ लावला. ॲम्पवर हिरवा दिवा. आरसीए खोचल्या, अभंग लावला. सब तरीही गप्प.

भाच्याचा चेहरा उतरला. “मामा, म्हणजे दुकानवाले खरं बोलत होते का?” माझ्याही मनात तेच आलं, आणि जुनं मत परत वर येऊ लागलं: आपलं काम नव्हे हे. मित्र शांतपणे म्हणाला, “दिवा लागलाय. आता संशयित बदलले.”

त्यानं सबच्या दोन्ही वायरी ॲम्पमधून सोडवल्या आणि मीटर ओहमवर लावून त्या टोकांवर धरला: ३.५. चार ओहमच्या सबची कॉइल मीटरवर नेहमी चारपेक्षा थोडी कमीच दिसते, म्हणजे कॉइल शाबूत. जळलेली असती तर मीटरनं रस्ताच तुटल्याचं दाखवलं असतं. मग पेन्सिल सेल त्या दोन टोकांना क्षणभर टेकवला. पडदा हलका पुढे सरकला, ‘ठप्’ असा मऊ आवाज आला. सब जिवंत. वायरी पुन्हा ॲम्पला जोडून त्यानं आरसीए काढल्या आणि हेडफोनच्या पिनेची आरसीए वायर लावून एक जुना फोन थेट ॲम्पला जोडला. आवाज अगदी कमी ठेवून अभंग सुरू केला, आणि डिकीतून धूम आली. ॲम्प जिवंत.

उरला स्टिरिओ आणि त्याच्यापासून डिकीपर्यंतची आरसीए. भाच्यानं स्टिरिओच्या ऑडिओ मेनूत जाऊन पाहिलं: सबवूफर, ऑफ. आम्ही काम करताना बॅटरीचं मायनस सोडवलं होतं. स्टिरिओची आठवण टिकवणारी वीजच गेली, तो मूळ सेटिंगवर गेला, आणि मूळ सेटिंगमध्ये सबचं आउटपुट बंद असतं. ऑन केलं, लेव्हल मध्यावर आणली. झालं.

एकाच गाडीत एकामागून एक अशी दोन वेगळी कारणं असू शकतात, हे मला त्या दिवशी दिसलं. पहिलं दुरुस्त करताना दुसरं आम्हीच तयार केलं होतं. नवा ॲम्प टाकला असता तर? दुकानदारानं तो त्याच काळ्या वायरीला जोडला असता. जोडताना बोल्ट हलून कदाचित तात्पुरता चाललाही असता, आणि ‘ॲम्पच गेला होता’ हे त्याचं आणि आमचंही मत पक्कं झालं असतं. पुढच्या पावसात तो नवाही गप्प झाला असता. आणि जुना, चांगला ॲम्प भंगारात गेला असता.

मित्राकडे अशा गोष्टींचा साठा होता आणि चहा पिताना त्या निघत गेल्या. त्यातली मला सगळ्यात आवडली ती सब फक्त रेडिओवर वाजण्याची. काही स्टिरिओंना दोन निळ्या वायरी असतात. नुसती निळी ही वर सरकणाऱ्या मोटरच्या अँटेनासाठी, निळी-पांढरी ॲम्पसाठी. फिटरनं चुकून अँटेनाची वायर ॲम्पला दिली, तर एफएम लावल्यावर सब वाजतो आणि ब्लूटूथवर गेलं की मरतो. गाडीवाला महिनोन्महिने फोन बदलत बसतो.

दुसरी, कंपनीच्या स्टिरिओवर सब बसवलेल्या गाड्यांची. अशा स्टिरिओला बहुधा आरसीए नसतात, म्हणून मागच्या स्पीकरच्या वायरीतून आवाज घेऊन तो कन्व्हर्टरमधून ॲम्पला देतात. मागे मुलं झोपली म्हणून कुणी पुढच्या-मागच्या स्पीकरांत आवाज वाटणारा फेडर पूर्ण पुढे केला, की मागच्या स्पीकरबरोबर सबही गप्प होतो. दुसऱ्या दिवशी फेडरची आठवण कुणालाच नसते.

दोन कॉइलच्या सबचं प्रकरण जरा अवघड. समजा, त्यात चार-चार ओहमच्या दोन कॉइल आहेत. एकामागे एक जोडल्या तर आठ, समांतर जोडल्या तर दोन ओहम होतात. यातल्या एकीचं प्लस-मायनस उलटं लागलं, तर एक कॉइल पडदा पुढे ढकलते आणि दुसरी त्याच वेळी मागे ओढते. दिवा हिरवा, मीटर ठीक, वायरी ठीक, आणि पडदा जवळजवळ जागचा हलत नाही. नव्यानं बसवलेला सब पहिल्या दिवसापासूनच मुका असेल, तर हे आधी पाहावं. ॲम्पवरची फिल्टरची खिट्टी हाय-पासवर असली तरी खर्ज अडतो. डॅशबोर्डखाली बेसचं छोटं बटण दिलेलं असेल आणि ते शून्यावर असलं, की तेच.

दिवा लाल असेल तर ॲम्प स्वतःचं रक्षण करतोय, असं समजायचं. अशा वेळी सबच्या वायरी सोडवून बघायचं. लाल गेला तर दोष सबमध्ये किंवा त्याच्या वायरीत. दोन तारांची टोकं एकमेकींना टेकलेली असतात, नाहीतर ॲम्पला झेपेल त्यापेक्षा कमी ओहमचा सब जोडलेला असतो. नाही गेला तर आरसीए काढून बघायचं. तरीही लाल राहिला, लाल आणि काळी वायर तपासून झाली, तर मग म्हणायचं ॲम्प गेला. म्हणजे ॲम्प जातोच. जात नाही असं मी म्हणत नाही. पण तो निष्कर्ष या रांगेच्या शेवटी येतो.

आता जिवाशी संबंध असलेली बाब. काम आवरताना मित्रानं विचारलं, “फ्यूज कुठाय?” भाच्यानं डिकीतला, ॲम्पजवळचा फ्यूज दाखवला. बॅटरीजवळ? काहीच नव्हतं. बॅटरीच्या प्लसवरून निघालेली जाड वायर इंजिन आणि केबिनमधल्या फायरवॉलच्या पत्र्यातल्या भोकातून, रबरी ग्रॉमेटशिवाय, पायाखालून, सीटखालून मागे गेली होती. पत्र्याच्या कडेवर इन्शुलेशन आधीच चिरलेलं दिसत होतं. ते पूर्ण फाटून तांबं पत्र्याला टेकलं असतं, तर बॅटरी शेकडो अँपिअर सोडू शकते, आणि मध्ये अडवणारं कुणीच नव्हतं. ॲम्पजवळचा फ्यूज ॲम्पला वाचवतो. वायरीला वाचवणारा फ्यूज बॅटरीजवळच लागतो, वायरीवरून मोजून साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत. अशा वेळी तापलेली ती वायर कार्पेट आणि सीटच्या फोमखालून जाते, आणि त्या सीटवर माझा भाचा बसतो.

माझं मत खरं बदललं ते इथे. तोवर मी म्हणू शकलो असतो की नऊ हजारांचा प्रश्न होता, वाचले, छान झालं. पण ही वायर इतके महिने तशीच होती. एवढ्या काळात गाडी सर्व्हिसिंगला गेली, दुकानात गेली, आणि मालकानं बॉनेट उघडून एकदा ‘फ्यूज कुठाय’ एवढं विचारलं नाही, कारण मालकानं विचारायचं नसतं असं आम्ही मानत आलो. त्या दिवशीच आम्ही फ्यूज होल्डर बॅटरीजवळ घेतला. वायर ८ गेजची, तांब्याची होती, म्हणून ५० अँपिअरचा फ्यूज घातला. भोकात ग्रॉमेट बसवला. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या वायरी सर्रास मिळतात. त्यांचा विरोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो, त्यामुळे तेवढ्याच जाडीची वायर तेवढा करंट पेलत नाही. चाकूनं टोक खरवडलं की आतला पांढरा धातू दिसतो.

जुन्या मतातलं जे मी सोडलेलं नाही, ते हे. सीटखाली आणि स्टिअरिंगजवळ पिवळ्या रंगाचे कपलर असतात. ते एअरबॅग आणि सीटबेल्टच्या यंत्रणेचे. त्यांना मीटर लावायचा नाही, ओढायचे नाहीत, हलवायचेही नाहीत. सीएनजीच्या गाड्यांत टाकीमुळे डिकीत जागा नसते, म्हणून सब सीटखाली बसवतात, आणि त्याची वायर नेमकी या पिवळ्या कपलरांशेजारून जाते. तिथे जाणकाराशिवाय हात घालू नये. ॲम्पचं झाकण उघडणं हेही माझं-तुमचं काम नाही. वॉरंटीतल्या गाडीची मूळ वायर कापून जोड देणं तर कुणाचंच काम नाही. कपलर टू कपलर जोडणी मागावी. दुरुस्ती ज्याची त्यानंच करावी, हे मी आजही मानतो. तपासणी मात्र आपल्यासमोर, आपल्याला कळेल अशी व्हावी, हे मी आता त्याच जोरानं म्हणतो.

दुकानदारावर राग धरावा असं मला वाटत नाही. त्याची बाजू मित्रानंच सांगितली. त्याच्याकडे शिकून गेलेली मुलं अशाच दुकानांत काम करतात. त्यांना मीटर वापरता येतो. पण अर्धा तास बसून दोष शोधला आणि निघाला गंजलेला बोल्ट, तर गिऱ्हाईक म्हणतं, “नुसता बोल्ट आवळायचे तीनशे?” आणि पन्नास देऊन निघून जातं. त्याच गिऱ्हाइकाला नवा ॲम्प विकला, की ते कुरकुर न करता हजारो मोजतं, वर आभार मानतं. डॉक्टरची फी आपण देतो, औषध लिहून दिलं नाही तरी देतो. गाडीच्या बाबतीत मात्र नुसतं निदान आपल्याला फुकट हवं असतं. मग निदान होत नाही, विक्री होते. या व्यवहारात आपला वाटा मोठा आहे, आणि मी स्वतः इतकी वर्षं त्याच बाजूला उभा होतो.

म्हणून गाडी असलेल्यांना माझं सांगणं आहे. सब, हॉर्न, काच, काहीही बंद पडलं आणि पार्ट बदलायचा सल्ला मिळाला, तर नम्रपणे सांगा: तपासणीचे वेगळे पैसे घ्या, पण मीटर लावून रीडिंग दाखवा, आणि जुना पार्ट माझ्या हातात द्या. बाहेरून ॲम्प बसवलेला असेल तर बॉनेट उघडून बॅटरीजवळ फ्यूज आहे का ते आजच बघा. नसेल तर तो बसेपर्यंत ती लाल वायर बॅटरीवरून सोडवून ठेवा. आणि फिटर मंडळींना विनंती: दुकानात दोष शोधण्याचा दर ठळक लिहून लावा. दोन-तीनशे रुपये असो, पाचशे असो. मी तो देईन, आणि माझ्या ओळखीच्या प्रत्येकाला द्यायला सांगेन.